व्हायरसटोटल : मेलमधली फाइल उघडण्याआधी

पाचपैकी चार स्टार. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. पण ज्यांच्या ऑफिसात दिवसभर परक्यांच्या फाइली येऊन पडतात त्यांनी वाचाच. ही वेबसाइट वापरायची एक सरळ पद्धत आहे, सगळे तीच वापरतात, आणि आमच्यासारख्यांनी नेमकी तीच वापरायची नसते.

मी इचलकरंजीत एका टॅक्स कन्सल्टंटकडे अकाउंट्स बघते. आमच्या पार्ट्या म्हणजे खर्चीवाले (दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणणारे) यंत्रमागधारक, सूत व्यापारी, सायझिंगवाले (सुताला खळ लावून देणारे), थोडे अडते. यातल्या निम्म्यांचा मेल मुलगा नाहीतर दिवाणजी बघतात. काही अडलं की मेल आमच्याकडे फॉरवर्ड होतो आणि मागोमाग फोन : "मॅडम, ऑर्डर आलीया, पण पीडीएफ उघडंना झालीया. तुमच्याकडं उघडती का बघा की." म्हणजे जिच्यावर संशय घ्यायचा ती फाइल अशा कॉम्प्युटरवर उघडून बघायची, जिथे अर्ध्या बाजारपेठेचे जीएसटीचे पासवर्ड आहेत!

तर व्हायरसटोटल. स्पेनमधल्या मालागा शहरातल्या हिस्पासेक या कंपनीनं ते २००४ मध्ये सुरू केलं आणि २०१२ मध्ये गूगलनं विकत घेतलं. ब्राउझरमध्ये उघडायचं, खातं काढावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. फाइल दिली की सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनं तिच्यावरून नजर फिरवतात आणि प्रत्येकाचं मत एका पानावर दिसतं. पुण्याच्या क्विक हीलचं आणि चेन्नईच्या के-सेव्हनचं इंजिनही त्या यादीत आहे. वर एक गोल असतो, त्यात इतक्यांपैकी इतक्यांनी फाइल वाईट ठरवली असा आकडा. फाइलीसारखीच मेलमधली लिंकही तिथे तपासता येते.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. हे काही अँटिव्हायरस नाही. सुताचा काउंट, म्हणजे जाडी-बारीकपणा, तपासून देणाऱ्या लॅबसारखं हे काम आहे : काउंट काय निघाला ते कागदावर लिहून मिळतं, सुताचा कोन सुधारून मिळत नाही. कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस लागतोच. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर चालू आणि अपडेट असला तरी लहान ऑफिसचं बरंचसं भागतं, असं माझं मत आहे. आमच्याकडे फाइल देणारा माणूस आणि विंडोज या दोघांच्याही मतानंतर तिसरं मत हवं असतं, त्यासाठी हे.

आता "उघडंना" या तक्रारीबद्दल. गेल्या पावसाळ्यात एका सूत व्यापाऱ्यांचा असाच फोन आला. मेल इंग्रजीत, तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या पार्टीचं नाव, अर्जंट गरज आहे, सोबत पर्चेस ऑर्डर, भाव कळवा. सही-शिक्का-पत्ता सगळं जिथल्या तिथे. अ‍ॅटॅचमेंट आरएआर फाइल, म्हणजे झिपसारखंच गाठोडं. शेठचा मेल जीमेलवर नाही, स्वतःच्या फर्मच्या नावाचा, स्वस्तातल्या सर्व्हरवर आहे. जीमेल ईएक्सई फाइल (क्लिक केलं की चालू होणारा प्रोग्रॅम) झिपमध्ये घालून पाठवली तरी अडवतं, इथे मात्र माल सरळ आत आला.

मी ती फाइल डाउनलोड केली आणि सेव्हन-झिप या गाठोडी सोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आतल्या फाइलींची नुसती यादी पाहिली. डाउनलोड करणं वेगळं आणि डबल क्लिक करणं वेगळं, हे आमच्या ऑफिसात नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. यादीत नाव होतं पीओ (पर्चेस ऑर्डर), मग डॉट पीडीएफ, मग भरपूर मोकळी जागा, आणि पार टोकाला डॉट ईएक्सई. विंडोज ओळखीच्या फाइलींचं शेपूट, म्हणजे नावातला शेवटचा डॉट आणि पुढची अक्षरं, लपवतं, ती सेटिंग मुळातच तशी येते. त्यामुळे शेठच्या कॉम्प्युटरवर ती नुसती पीओ डॉट पीडीएफ दिसत होती, चित्रही लाल पीडीएफचंच. त्यांनी दोनदा क्लिक केलं, काही घडलं नाही, म्हणून मला फोन. घडलं नाही कसलं! या जातीच्या फाइलींचं काम असंच चालतं. पडद्यावर काही येत नाही, मागे प्रोग्रॅम बसतो. पीडीएफ उघडत नाही अशी तक्रार आली की आता माझा पहिला प्रश्न असतो, "किती वेळा क्लिक केलंत?"

व्हायरसटोटलवर निम्म्याहून जास्त इंजिनं लाल. वर लेबल ट्रोजन, म्हणजे भल्या फाइलीचं सोंग घेतलेला घातक प्रोग्रॅम, कुळ एजंट टेस्ला. हे २०१४ पासून फिरतंय. ब्राउझरमध्ये आणि आउटलुकसारख्या प्रोग्रॅममध्ये साठवलेले पासवर्ड उचलतं, कीबोर्डवर काय टाइप होतंय ते टिपतं आणि बाहेर पाठवून देतं. आपल्याकडे प्रत्येकाने नेट बँकिंगपासून ई-वे बिलापर्यंत सगळे पासवर्ड क्रोममध्ये ठेवलेले असतात, त्यामुळे चोराला कपाट फोडायची गरजच पडत नाही.

मला सगळ्यात कामाचं वाटतं ते डिटेल्सचं पान, जिकडे फारसं कुणी जात नाही. तीच फाइल जगभरातून कोणकोणत्या नावांनी तपासायला आली त्याची यादी तिथे असते. शेठच्या पर्चेस ऑर्डरची नावं वाचताना मजा वाटली : कुठे ती तुर्की भाषेतलं बिल होती, कुठे स्पॅनिशमधलं, कुठे कुरिअरची पावती, कुठे बँकेची पेमेंटची सूचना. तिरुपूरच्या एका पार्टीने इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याला पाठवलेली ऑर्डर तुर्कस्तानात कुणाच्या टेबलावर बिल म्हणून कशी जाईल? शेठला ट्रोजन, कुळ, इंजिन यातलं काही पटत नव्हतं. ही यादी वाचून दाखवली तेव्हा पटलं. "म्हंजे ही ऑर्डर न्हाईच?" एवढंच विचारलं आणि गप्प झाले. वीस टनांची ऑर्डर होती ना.

पुढचं काम व्हायरसटोटलचं नव्हतं, पण मेलमधून आलेली वस्तू चालवली गेली की काय करायचं ते या ओघातच सांगते. आधी नेटची केबल काढायला लावली, वायफाय बंद. डिजिटल सिग्नेचरचा टोकन कायम कॉम्प्युटरला टोचलेला होता, तो काढायला लावला. पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून बदलायचे नाहीत, कारण नवा पासवर्डही तोच चोर टिपणार. मोबाइलवरून आधी मेलचा बदलला, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड रिसेट होऊन मेलवरच येतात. मग बँकेला फोन, मग जीएसटी, मग इन्कम टॅक्स. मेलच्या सेटिंगमध्ये कुणी परस्पर फॉरवर्डिंग लावून ठेवलंय का, तेही पाहिलं. हे लोक मेल हातात आला की लगेच काही करत नाहीत. तुमचे व्यवहार वाचत बसतात आणि मोठ्या पेमेंटच्या वेळी तुमच्याच मेलवरून तुमच्याच गिऱ्हाइकाला कळवतात की आमचं बँक खातं बदललंय. सूत बाजारात उधारीवर लाखांची उलाढाल चालते, त्यामुळे मला पैशापेक्षा याचीच धास्ती जास्त होती. पैसे गेले असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, ती वेळ आली नाही. कॉम्प्युटरवाल्या पोरानं डेटा काढून घेऊन मशीन फॉरमॅट मारलं. डिफेंडरमध्ये ऑफलाइन स्कॅन म्हणून सोय आहे, विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होते, तीही करता आली असती. पण पासवर्डचोर बसून गेलेल्या मशीनवर बँकेचं काम करायचं असेल तर फॉरमॅटच बरं, यावर पोराचं आणि माझं एकमत झालं.

आता सुरुवातीला म्हटलेली धोक्याची पद्धत. व्हायरसटोटलच्या पहिल्याच पानावर फाइल निवडायचं बटण आहे. सगळे तेच दाबतात. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय की तुम्ही दिलेला नमुना सुरक्षा क्षेत्रातल्या इतरांना दिला जाईल, वैयक्तिक माहिती देऊ नका. ही काही नुसती औपचारिकता नाही. तिथे चढवलेली फाइल अँटिव्हायरस कंपन्यांकडे जाते आणि पैसे भरून सदस्य झालेल्या संस्थांना ती उतरवून घेता येते. व्हायरस पकडायला हे उत्तमच, सगळी व्यवस्था त्यावरच उभी आहे. पण तुम्ही कुणाचा ताळेबंद, पॅन, आधार, बँक स्टेटमेंट फक्त "एकदा बघू" म्हणून चढवलंत, तर तो कागद तुमच्या हातातून गेला. २०२३ च्या जूनमध्ये व्हायरसटोटलच्याच एका कर्मचाऱ्याने ग्राहकांची यादी असलेली फाइल चुकून स्वतःच्याच साइटवर चढवली. साधारण ५,६०० नावं, त्यात सरकारी आणि गुप्तचर खात्यांतली माणसंसुद्धा. फाइल लगेच काढली, माफीही मागितली, पण तोवर ती बाहेर गेली होती. जिथे घरच्यांचंच असं होतं तिथे आपण पार्टीचे कागद कशाला टाकायचे?

म्हणून आमच्याकडे फाइल चढवतच नाही, तिचा हॅश शोधतो. हॅश म्हणजे फाइलीतून गणिताने काढलेली ६४ अक्षर-आकड्यांची ओळ. फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी ओळ बदलते, आणि ओळीवरून फाइल परत बनवता येत नाही. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक, त्यात सीआरसी एसएचए, त्यात एसएचए-२५६. विंडोज ११ मध्ये आधी शो मोअर ऑप्शन्स दाबावं लागेल. आलेली ओळ कॉपी करून व्हायरसटोटलच्या सर्चमध्ये टाकायची. फाइल आधी कुणी दिलेली असेल तर तिचा सगळा अहवाल समोर येतो, आणि आपल्याकडून ओळीशिवाय काहीच जात नाही. घाऊक मेल पाठवणाऱ्यांची फाइल बहुतेक वेळा आधीच कुणीतरी दिलेली असते. सापडलीच नाही तर दोन शक्यता : एक, ती खरंच त्या पार्टीचा खासगी कागद आहे, दोन, अगदी नवी किंवा खास तुमच्यासाठी बनवलेली आहे. अशा वेळी पाठवणाऱ्याला फोन. मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्या वहीतल्या नंबरवर.

अहवाल निघाला की आकड्याआधी तारीख बघा. शेवटची तपासणी कधीची आहे ते वर लिहिलेलं असतं. सकाळी शून्य दाखवणारी फाइल संध्याकाळी पुन्हा तपासायला लावली की लाल होते, असं मी पाहिलंय. पुन्हा तपासणीचं बटण तिथेच आहे, त्याला फाइल लागत नाही. हिरवा शून्य म्हणजे फाइल चांगली असं नाही. आतापर्यंत कुणी पकडलेली नाही, इतकंच.

उलटंही होतं. गावातल्या एका प्रोग्रॅमरने पिकावर (शेतातलं नव्हे, कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) मजुरीची बिलं काढायचं छोटं सॉफ्टवेअर लिहिलंय, आमच्या बऱ्याच खर्चीवाल्यांकडे चालतं. ते टाकलं तर दोन-तीन अनोळखी इंजिनं लाल, बाकी सगळी गप्प. नावं पण कशी, तर जेनेरिक, सस्पिशियस, मशिन लर्निंग असली मोघम. अशा वेळी मी घाबरत नाही. कमी लोक वापरतात, बनवणाऱ्याने डिजिटल सही केलेलं नाही, म्हणून इंजिनाला शंका येते. मोठमोठी आठ-दहा इंजिनं एकाच कुळाचं नाव घेत असतील तर प्रकरण वेगळं. नुसता आकडा वाचणारा माणूस इथे फसतो, दोन्ही बाजूंनी.

व्हायरसटोटल जिथे हात टेकतं ती जागा नेमकी आमच्या धंद्यातली आहे : पासवर्डवाली झिप. मेलमध्ये लिहिलेलं असतं, फाइल सुरक्षित आहे, पासवर्ड अमुक. पासवर्ड लावलाय तो तपासणाऱ्या यंत्रांना आत डोकावता येऊ नये म्हणून. जीमेलचा पहारेकरी, अँटिव्हायरस, व्हायरसटोटल, सगळेच कुलपाबाहेर उभे. आणि टॅक्सवाल्यांना पासवर्डच्या फाइलीचं वावगं वाटत नाही, आम्ही रोज तेच उघडतो. एआयएसची (इन्कम टॅक्सकडच्या तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या पत्रकाची) पीडीएफ पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख टाकल्याशिवाय उघडत नाही, १४३(१) ची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासून झाल्यावर येणारं पत्र, तेही तसंच. पण खऱ्या कागदात पासवर्डचा नियम सांगितलेला असतो, आयता पासवर्ड मेलमध्ये टाकून कुणी देत नाही. आणि नोटीस खरी असेल तर पोर्टलवर लॉगिन केल्यावर ती दिसतेच. इन्कम टॅक्सच्या पत्रांवर ऑक्टोबर २०१९ पासून डीआयएन नंबर (प्रत्येक पत्राचा वेगळा ओळख क्रमांक) असतो, तो पोर्टलवर टाकून खरंखोटं करता येतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. तेव्हा नोटिशीच्या मेलसाठी मी व्हायरसटोटल उघडतच नाही.

दुसरी खोड एक्सेलची. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो (एक्सेलच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम) मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच बंद ठेवलेत, वर लाल पट्टी येते. चांगलं झालं, आधी वर्षानुवर्षं याच वाटेने घाण आत येत होती. पण रिटर्नची एक्सेल युटिलिटी मॅक्रोशिवाय चालत नाही. त्यामुळे प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करणं आमच्या बोटांत बसलंय, जुलैत तर झोपेतही जमेल. मेलमधून आलेल्या एक्सेलला तोच हात लागू नये म्हणून आमच्या साहेबांनी नियम केलाय : युटिलिटी पोर्टलवरून स्वतः उतरवायची, कुणी मेलने पाठवलेली घ्यायची नाही, पाठवणारा साहेबांचा मित्र सीए असला तरी. तो मित्र सीए यावरून एकदा रुसला होता. रुसू दे.

आणि हल्ली मेलपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपचा ताप जास्त. आरटीओ चलान डॉट एपीके, लग्नपत्रिका डॉट एपीके. एपीके म्हणजे मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी फाइल. पत्रिकेला एपीके कशाला लागतं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. चलानाचं नाव काढलं की टेम्पोवाला आधी दाबतो, मग विचारतो. व्हायरसटोटल एपीकेही तपासतं आणि ते अ‍ॅप मोबाइलमधल्या कशाकशाची परवानगी मागणार ते दाखवतं. एसएमएस वाचायची परवानगी मागणारी लग्नपत्रिका एकदा एका पार्टीला स्क्रीनवर दाखवली, पुढे लांबलचक समजवावं लागलं नाही. अशा फाइली मात्र मी बिनधास्त चढवते, त्यात कुणाचे कागद नसतात आणि पुढच्या माणसाला अहवाल आयता मिळतो. मोबाइल नाहीतर कॉम्प्युटर आधीच बाधित झाला असेल, तर भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेतर्फे २०१७ पासून चालतं. साफसफाईची टूल्स तिथे फुकट मिळतात. व्हायरसटोटल जे करत नाही ते काम तिथे होतं.

एक स्टार कापला तो पानाच्या मांडणीसाठी. सगळं इंग्रजीत, तेही जाणकारांच्या इंग्रजीत, मराठीचा पत्ता नाही. रिलेशन्स आणि बिहेवियरच्या पानांवर इतकं काही ओतलेलं असतं की दिवाणजींसारखा हुशार माणूसही गोंधळतो. दिवसाला लाखाचा हिशेब तोंडी करणारे ते गृहस्थ, लाल-हिरवं बघून मला विचारतात, "ताई, पास का नापास?" त्यांना मी तीनच जागा दाखवून ठेवल्यात : गोलातला आकडा, तपासणीची तारीख आणि डिटेल्समधली नावं. तेवढ्यावर ते स्वतः निर्णय घेतात, आणि शंका राहिलीच तर हॅशची ओळ मला पाठवतात. फाइल पाठवायचं त्यांनी सोडून दिलंय.